दोन माणसांचं काम

"हे दोन माणसांचं काम आहे," असं म्हणत ते फाटकाशी उभे राहायचे आणि माझ्या गॅलरीकडे बघून दोन बोटं वर करायचे. रविवारची सकाळ, माझ्या हातात चहा.

"पुन्हा तेल, काका?"

"पुन्हा म्हणजे काय? गाडी आहे, तेल लागणारच. ये खाली."

ते हवाई दलातून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे, सरोजिनी नगरात घर बांधून राहिलेले. मी शेजारच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने. बँकेने मला इतक्या लांब उत्तरेत, हजरतगंजच्या शाखेत आणून टाकलं होतं आणि मुलीच्या दहावीसाठी बायको सांगलीतच राहिली होती. सबंध गल्लीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. तरी एकमेकांकडे नुसतं गप्पा मारायला गेलोय, असं कधी झालं नाही. असे पुरुष तुम्हीही पाहिले असतील. हातात पाना नाहीतर पिशवी असल्याशिवाय त्यांना दुसऱ्याच्या दारात उभं राहता येत नाही. मीही त्यातलाच.

काकांचा डावा गुडघा अधू होता. क्लच दाबायला नको म्हणून त्यांनी ऑटोमॅटिक गिअरची गाडी घेतली होती. तिला आता बरीच वर्षं झाली होती, पण गिअरबॉक्सच्या तेलाला ते गॅरेजवाल्याला हात लावू द्यायचे नाहीत. "तिथे सगळी घाई. घाईत बोल्ट आवळला की आटे गेलेच समज."

तेल आधी गरम व्हावं लागतं, म्हणून आम्ही अमौसी विमानतळापर्यंत एक चक्कर मारून यायचो. एरवी हा माणूस तोलून मापून बोलणारा, पण स्टिअरिंग हातात आलं की खुलायचा. कुठल्या तळावर थंडीत बोटं कशी बधिर व्हायची, काकूंना तहरी, म्हणजे इथला मसालेभात, शेवटपर्यंत कशी जमली नाही आणि तरी दर गुरुवारी त्या ती का करायच्या. काकू मी येण्याआधीच गेल्या होत्या. त्या असताना माझ्या जागी त्या बसायच्या.

घरी आल्यावर इंजिन बंद करायचं, गाडी जॅकने उचलून लोखंडी टेकूंवर ठेवायची आणि खाली परात सरकवायची. खालचा बोल्ट सोडला की तेल परातीत यायचं. ते कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांत भरून मोजायचे आणि जेवढं निघालं तेवढंच नवं तेल वरून फनेलने ओतायचे. नवं तेल कोकम सरबतासारखं लालभडक.

मग गाडी खाली उतरवून माझी पाळी. मी इंजिन चालू करून ड्रायव्हरच्या सीटवर ब्रेक दाबून बसायचो आणि ते उघड्या बॉनेटपलीकडे तेल बघायची पट्टी घेऊन उभे. चेहरा दिसायचा नाही, नुसता आवाज.

"आता आर. पाच मोज."

मी गिअरचा लीव्हर आरवर, म्हणजे रिव्हर्सवर, न्यायचो. "एक, दोन..."

"अरे, मोठ्याने! कवायतीला मोजतात तसं. मला ऐकू आलं पाहिजे. आता एन. आता डी."

शेवटी पट्टी पुसून, पुन्हा बुडवून, उजेडात धरून ते म्हणायचे, "हां. झकास." मग आल्याचा चहा व्हायचा, आणि मी माझ्या घरी. हे दर दोन महिन्यांनी.

एकदा माझ्या स्कूटरचं पंक्चर काढून घेताना कानपूर रोडच्या एका मिस्त्रीकडे मी सहज हा विषय काढला. तो हसायलाच लागला. "अरे भाई साहब, ये तेल तो बरसों चलता है. और दो आदमी इसमें करेंगे क्या? लीवर घुमाइए, पी में लाइए, उतरकर ख़ुद देख लीजिए."

गंमत म्हणजे परातीत पडणारं तेलही नव्याइतकंच लाल असतं, हे मी केव्हाच पाहिलं होतं. मी गप्प बसायला हवं होतं. पण नवं कळलेलं सांगितल्याशिवाय राहवतं कुठे? पुढच्या खेपेला, काका बाटली भरत असताना मी सगळं सांगून टाकलं.

त्यांनी बाटली उन्हात धरली.

"अच्छा," ते म्हणाले. "मग राहू दे. तुझा रविवार उगाच जायचा."

मला वाटलं, आपण म्हाताऱ्या माणसाचे कष्ट वाचवले.

दोन महिने गेले, चार गेले, हाक काही आली नाही. माझे रविवार लांबच लांब झाले. सकाळी गॅलरीत उगाच दोनदा चहा व्हायचा आणि कान खाली लागलेले असायचे. ते एकटे होते हे मला माहीत होतं. मीही तितकाच एकटा आहे, हे मला तेव्हा कळलं.

शेवटी एकदा मीच फाटकाशी थांबून म्हणालो, "काका, तेल बघायचं का एकदा?"

"चांगलं आहे रे अजून," ते म्हणाले. "तूच नाही का सांगितलंस?" आवाजात टोमणा नव्हता. मग फाटकाची कडी लावत, "चहाला ये कधीतरी."

"येतो ना," मी म्हणालो.

पण नुसत्या चहासाठी बेल वाजवायची मला लाज वाटली. दोनदा त्यांच्या फाटकापर्यंत गेलो, आणि भाजी आणायला निघाल्यासारखा पुढे चालत राहिलो.

जानेवारीत एका सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली आणि आतून कुणी आलं नाही. काका झोपेतच गेले होते. हैदराबादहून त्यांची मुलगी आली. अंत्यसंस्कार उरकल्यावर ती जिन्यापाशी मला भेटली. मी मराठीत बोलत होतो, ती हिंदीत.

"ऊपर वाले भैया आप ही हैं ना? मैं तो कब से कह रही थी, घर बेचिए, मेरे पास आ जाइए. पापा मानते ही नहीं थे. कहते थे, मैं अकेला कहाँ हूँ, वो लड़का आता रहता है." तिने ओढणीने डोळे पुसले. "पिछले इतवार को भी आप दोनों ने तेल बदला था ना? फ़ोन पर बता रहे थे. इतने ख़ुश थे."

दहा महिन्यांत मी त्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "सकाळीच बदललं."