ब्रेकबाईंचा उजवा पाय

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की तो दाबायचा. आपल्या बाई मात्र शिकणारा गडबडायच्या आधीच दाबायच्या. म्हणून सगळे त्यांना ब्रेकबाई म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा, आणि बाईंना त्याचं काही वाटत नसे. उलट त्या ऐटीत सांगायच्या, "माझ्या गाडीला आजवर साधा ओरखडा नाही!"

तर या बाई पन्नाशी उलटल्यावर बॅले शिकायला लागल्या. का, ते नवऱ्याने विचारून पाहिलं. "मला एकदा तरी हवेत झेप घ्यायची आहे," असं उत्तर मिळालं, आणि तो बिचारा परत वर्तमानपत्रात शिरला. जाऊबाई म्हणाल्या, "म्हातारचळ, दुसरं काय!" लेकीने मऊ, चपटे बूट आणून दिले आणि हसू दाबलं.

क्लास जिमच्या वरच्या मजल्यावर, दर शनिवारी सकाळी. एका भिंतीला आरसा, दुसरीला कमरेएवढ्या उंचीवर लाकडी दांडा. दांडा धरून बाईंचं बरं चालायचं. गुडघे वाकवा, वाकवले. टाचा उचला, उचलल्या. पण दांडा सोडून खोलीच्या मधे यायची वेळ आली की सगळा आनंदीआनंद. पाऊल टोकदार ताणून पुढे न्यायचं, तर यांचा उजवा पाय खाडकन जमिनीवर दाबला जायचा. जरा वेग आला, दाब. वळण आलं, दाब. शिकवणारी मुलगी लेकीच्याच वयाची. ती आधी गोड बोलायची, मग कळवळून बोलायची, आताशा नुसते डोळे मिटायची.

"ताई, पाऊल ताणा ना."

"ताणतेय की!"

"ताई, याला दाबणं म्हणतात."

घरी आल्यावर बाई त्या पायाला मनसोक्त शिव्या घालायच्या. "मेल्या, ऐकायला काय होतं रे तुला?" गॅसपाशी उभ्या राहून पाऊल ताणायच्या, आणि तिकडे दूध उतू जायचं.

सत्र संपलं की ज्यांना जमलं ते वरच्या वर्गात जात. बाई दोनदा खालीच राहिल्या होत्या. या खेपेला शिकवणारीने स्पष्टच सांगून टाकलं, "ताई, या वेळी झेप जमली नाही, तर पुढे मी तुम्हाला दांड्यापाशीच ठेवीन. पडलात तर हाडं मोडतील, मला भीती वाटते." म्हणजे ज्या झेपेसाठी हा सगळा खटाटोप, तीच कायमची बंद.

शेवटच्या शनिवारी दोघीदोघींनी खोलीच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात धावत जायचं होतं आणि मधे झेप घ्यायची होती. बाईंच्या जोडीला दातांची डॉक्टरीण. ती बाईंचीच जुनी विद्यार्थिनी, पहिल्या फटक्यात लायसन्स मिळवलेली. गाणं सुरू झालं, दोघी धावल्या. डॉक्टरीण जरा पुढे गेली आणि बाईंना दिसला तो फक्त जवळ येणारा आरसा. पाय खाडकन दाबला गेला, हात आपसूक शेजारी गेला, आणि त्यांनी डॉक्टरणीचा दंड धरून तिला मागे खेचलं. दोघी धप्पकन खाली.

"अहो ताई, त्यांना कशाला ओढलंत?"

"अगं, आरशावर आदळली असती ती!"

"आरसा कुठे आहे ते बघा तरी."

बाईंनी बघितलं. आरसा चांगला लांब होता. मधे अख्खी गाडी उभी राहिली असती.

"एकदा, एकटीला करू दे," बाई काकुळतीला आल्या. मुलीने मान डोलावली. बाई जीव खाऊन धावल्या, आणि झेपेच्या जागी पाय पुन्हा जमिनीत रुतल्यासारखा थांबला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं बाईंना वाटलं.

"दांड्यापाशी, ताई," मुलगी हळूच म्हणाली.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जळलं मेलं ते नाचणं!" म्हणत त्यांनी बूट काढून पिशवीत कोंबले आणि जिन्यात येऊन बसल्या. रडू येत होतं, आणि रडू येतंय म्हणून आणखी राग येत होता. जन्मभर ज्या पायाचा तोरा मिरवला, त्यानेच चारचौघांत तोंडघशी पाडलं होतं.

डॉक्टरीण कोपर चोळत शेजारी येऊन बसली.

"लागलं का गं? तुला वाचवायला गेले."

"माहीत आहे, मॅडम."

"गाडी आणली नसशील तर सोडते तुला."

"मी गाडी चालवतच नाही."

"म्हणजे? लायसन्स आहे ना तुझ्याकडे?"

"आहे की, पर्समध्येच असतं. पण स्टिअरिंगवर बसलं की वाटतं, शेजारी ब्रेक दाबायला कोणी नाही, आणि हातपाय गळतात. तुम्ही मला कधी चुकूच दिलं नाहीत, मॅडम. चुकल्यावर गाडी कशी सावरायची, ते मला येतच नाही."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलू कुठे देता?"

बाईंनी स्कूलच्या गाडीची किल्ली काढून डॉक्टरणीच्या हातात कोंबली. "चालव."

"आणि तुम्ही?"

"मी मागे बसते," बाई खेकसल्या.

डॉक्टरणीने गाडी सुरू केली, एक गचका देऊन बंद पाडली, पुन्हा सुरू केली. कठड्याला घासत, खर्रर्र आवाज करत गाडी फाटकाबाहेर पडली. मागे बाई दातओठ खात, दोन्ही पाय सीटवर घेऊन मांडी घालून बसल्या होत्या.