एकसष्ट नोंदी

ऑफिसात सगळे तिला गोचीडताई म्हणायचे, कारण एखाद्या चुकीला चिकटली की ती सुटायची नाही. तिलाही त्याचा राग नव्हता. बारा वर्षं तिचं एकच काम: डेटाबेसचा मुख्य सर्व्हर जे लिहितो, ते नक्कल ठेवणारा दुसरा सर्व्हर जसंच्या तसं उतरवतो का ते तपासायचं आणि चुकत असेल तर दुरुस्त करायचं. मुख्य सर्व्हर कोलमडला तर सगळी भिस्त नकलेवर. त्यामुळे एका ओळीचाही फरक तिला खपत नसे.

एकदा तसा फरक सापडला. चाचणी चार हजार वेळा चालवली की एखाद्या वेळी नकलेतून दोन-चार नोंदी गायब व्हायच्या. वर नक्कल बिनदिक्कत सांगायची, सगळं पोचलं.

तिने तक्रार नोंदवली. तिचा टीम लीड तिच्याहून दहा वर्षांनी लहान, मनाने वाईट नव्हता. तो हसला. "ताई, चार हजारांत एकदा? मशीनला शिंक आली असेल." ‘पुन्हा दिसत नाही’ असा शेरा मारून त्याने तक्रार बंद केली. तिने उघडली. त्याने परत बंद केली. तिने तिसऱ्यांदा उघडली आणि सहा आठवडे डोकं आपटलं, पण कारण काही हाती लागेना.

नवी आवृत्ती बाहेर पडायची त्या शुक्रवारी एवढी एकच तक्रार उघडी होती. लीड म्हणाला, "ताई, या वेळी तुम्हीच बंद करा ना." त्या दिवशी पाच वर्षांनी नणंद घरी येणार होती आणि तिला चारला पोचायचं होतं. तिने बटण दाबलं, पर्स उचलली आणि निघाली. संध्याकाळ हसण्याखिदळण्यात गेली. पुढे तिला नेमकं तेच सोसवेना.

आठ महिन्यांनी ग्राहकांचे फोन घेणारा माणूस तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. एका हॉस्पिटलाचा मुख्य सर्व्हर बंद पडला होता. काम नकलेवर गेलं, आणि तिथे एकसष्ट नोंदी नव्हत्या.

"कसल्या नोंदी?"

"कुणाला कुठलं औषध चालत नाही, त्याच्या." तो घुटमळला. "एका बाईंना तेच इंजेक्शन दिलं गेलं."

"मग?"

"पुढचं हॉस्पिटलवाले सांगत नाहीत."

हॉस्पिटलाच्या सर्व्हरने क्षणाक्षणाला काय केलं त्याचे लॉग मिळाले आणि कारण दोन दिवसांत सापडलं. दोन कामं एकमेकांत अडकली की नक्कल त्यातलं एक सोडून पुन्हा करायला घ्यायची. नेमकं तेव्हाच कनेक्शन तुटलं, तर न झालेल्या कामावरही ‘झालं’ अशी खूण पडायची. प्रोग्राममधली खूण करणारी ओळ तिने चार ओळी खाली सरकवली. झाली दुरुस्ती. वीस हजार वेळा चाचणी चालवली, एकही फरक नाही. ती बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली.

या घटनेच्या अहवालात तिने लिहिलं, ‘चूक माहीत असूनही तक्रार मी बंद केली.’ लीडने ते वाक्य काढून टाकलं. "ताई, कशाला पायावर धोंडा पाडून घेता? तुमच्या आणि माझ्याही." अहवालात शेवटी ‘अत्यंत दुर्मिळ परिस्थिती’ एवढंच राहिलं.

घरी नवरा म्हणाला, "तू दोनदा कानीकपाळी ओरडलीस. कुणी ऐकलं नाही, त्याला तू काय करणार?"

"तिसऱ्यांदा मीच ऐकलं नाही," ती म्हणाली, आणि पानावरून उठली.

त्या बाईंचं काय झालं, हे ती फोनवाल्याला दर सोमवारी विचारायची. त्याला खरंच माहीत नव्हतं. पुढे पुढे ती दिसली की तो वाट बदलू लागला.

मग तक्रार बंद करायला तिचा हातच उठेना. दुरुस्त झालेल्या छत्तीस तक्रारी तशाच उघड्या पडून राहिल्या. लीडने तो अधिकार काढून घेतला आणि तिला सर्व्हर बसवताना दिसणाऱ्या पडद्यांवरचा मजकूर तपासायला दिला. आता ती दिवसभर बघते, कुठे काना राहिलाय, कुठे पूर्णविराम. नकलेबद्दल कुणी काही विचारायला आलं तर म्हणते, "आता आठवत नाही हो." आठवत सगळं असतं.