मुठीतला भुईआवळा

माझ्या वडिलांच्या किडन्या वाचल्या त्या त्यांच्या हट्टामुळे. माझ्या पीएचडीचा त्यात काडीचाही वाटा नाही, आणि ही गोष्ट ते घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी सांगतात.

मी भंडाऱ्याला फार्मसी कॉलेजात शिकवते. वनस्पतींमधली द्रव्यं शरीरातला दाह कसा कमी करतात, हा माझा विषय. लिव्हर सुजलं, हिरड्या सुजल्या, किडनीला सूज आली तर आत काय घडतं, हे मी फळ्यावर बाण काढून तासभर समजावू शकते. कित्येक वर्षं मी भुईआवळ्याचा अर्क काढून उंदरांना पाजला. त्या उंदरांची मी जेवढी काळजी घेतली तेवढी घरच्या कुणाची घेतली नाही, हे आता कबूल करते.

दोन वर्षांमागे भादव्यात मलाच कावीळ झाली. डॉक्टरांनी आराम सांगितला, उकळलेलं पाणी सांगितलं आणि उगाच कुठलंही औषध घेऊ नका म्हणाले. मी एकोडीला घरी आले आणि पडवीत खाट टाकून पडले. बाबांनी माझे पिवळे डोळे पाहिले आणि म्हणाले, "भुईआवळा आणतो."

"बाबा, ते सगळं काम उंदरांवर झालंय. माणसांचं अजून पक्कं नाही."

"उंदराले चालते, अन् माह्या पोरीले काहून नाही चालणार?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण बरंच लांब होतं आणि मला उठून बसवत नव्हतं.

आमच्याकडे औषधाचं झाड असंच उपटून आणत नाहीत. शनिवारी संध्याकाळी त्याच्यापुढे हळदीचे तांदूळ आणि सुपारी ठेवून आमंत्रण द्यायचं, उद्या येतो, चाल माझ्या घरी. रविवारी उजाडताच ते मुळासकट काढायचं, मुठीत झाकायचं आणि रोग्याच्या हातात देईपर्यंत कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. बोललं की गुण गेला. मी प्रयोगशाळेत गप्पा मारत अर्क काढते, हे बाबांना माहीत आहे. माझ्या प्रयोगांना वेळ का लागतो, याचं कारण त्यांनी तेव्हाच शोधून काढलं होतं.

त्या आठवड्यात बाबांचा उजवा गाल फुगलेला होता. मला तो रोज दिसत होता. मला वाटलं, खर्ऱ्याचा बार धरलाय. पडल्यापडल्या दोनदा भाषणही दिलं, तंबाखू, सुपारी, चुना, हिरड्यांचा दाह, सगळं. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि गाल दुसरीकडे वळवला. तो खर्रा नव्हता. ती सुजलेली हिरडी होती, आणि तिच्यावर माझं भाषण चालू होतं.

रविवारी सकाळी बाबा धानाच्या बांधीतून मूठ आवळून परत निघाले. वाटेतल्या बोडीवर आमचा शेजारी मासोळ्यांसाठी जाळं टाकून उभा होता. तळ्यावरचा माणूस गप्प बसत नाही.

"रामराम मामाजी."

बाबा गप्प.

"मामाजी, तब्येत बरी हाये ना जी?"

बाबांनी डावा हात झटकला, म्हणजे तू आपलं काम कर. शेजाऱ्याने मात्र त्यांना नीट न्याहाळलं. तोंड एका बाजूला वाकडं, वाचा बंद, उजवी मूठ उघडत नाही आणि डाव्या हाताला झटके. त्याने दोनच दिवसांपूर्वी मोबाइलवर लकव्याचा व्हिडिओ पाहिला होता. त्यात एकेक मिनिट महत्त्वाचं असतं, असं सांगितलं होतं.

"मामाजीले लकवा मारला वो!" त्याने अशी आरोळी ठोकली की माझ्या खाटेपर्यंत आली.

जाळं पाण्यात तसंच सोडून त्याने आणखी एकाला बोलावलं. दोघांनी बाबांना मोटरसायकलवर मधे दाबून बसवलं आणि गाडी साकोलीच्या दवाखान्याच्या दिशेने सोडली. बाबांनी पाय झाडले, कोपर मारलं, डोळे वटारले. लकव्याचा माणूस असंच करतो, अशी मागच्याने पुढच्याला खात्री दिली. एक शब्द बोलले असते तर बाबा तिथल्या तिथे सुटले असते. मी पुढे विचारलं तेव्हा म्हणाले, "अन् तुह्या काविळीचं काय झालं असतं?"

आई आणि मी ऑटोने मागून दवाखान्यात पोहोचलो. दारातल्या नर्सने मला पाहून आधी मलाच स्ट्रेचरकडे नेलं. तिला समजावून आत गेले तर बाबा पलंगावर ताठ बसलेले आणि डॉक्टर तिसऱ्यांदा विचारत होते, "काका, नाव सांगा. गावाचं नाव तरी सांगा." बाबांचं बीपी मोजून झालं होतं, रक्त काढून झालं होतं, पण मूठ कुणालाही उघडता आली नव्हती.

मला पाहताच बाबांनी ती स्वतः उघडली. आतला भुईआवळा घामाने पार मलूल झाला होता. त्यांनी तो माझ्या हातात ठेवला, माझी बोटं त्यावर मिटवली आणि मग तोंड उघडलं.

"घे. मुळासकट हाये. अन् आता मले इथं आणणाऱ्या या बैताडाले सांग, घरी सोडून दे."

"मामाजी बोलले!" शेजारी ओरडला. बाबांना वेळेत आणल्यामुळेच वाचा परत आली, असं तो आजही मानतो.

सगळे हसलो. डॉक्टरही हसले, पण त्यांनी बाबांना आ करायला लावला आणि त्यांचं हसू थांबलं. हिरडीत पू होता. कधीपासून, विचारल्यावर आईने सांगून टाकलं, "धानाच्या रोवणीपासून जी, दोन महिने झाले. दुखते म्हणून मेडिकलमधून गोळी आणतात. दिवसाले दोन, कधी तीन."

दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला. किडनी बिघडायला लागली होती. त्या गोळ्या आणखी काही महिने चालल्या असत्या तर बाबा डायलिसिसवर गेले असते, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी पिवळ्या डोळ्यांनी ऐकत उभी होते. वेदनाशामक गोळ्या आणि किडनी हा धडा मी दरवर्षी शिकवते. माझ्यासाठी झाडाला आमंत्रण देणारा हा माणूस स्वतःसाठी पानपट्टीसारखी गोळी घेत होता, आणि मी आठ दिवस समोर पडून त्याला खर्ऱ्यावर बोलत होते. मला इतकी लाज वाटली की मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर जाऊन रडले.

गोळ्या त्या दिवशीच बंद झाल्या. दात काढला, हिरडी साफ केली, पथ्य सुरू झालं. डॉक्टरांनी भुईआवळा मला घेऊ दिला नाही, म्हणून आईने तो तुळशीशेजारी लावला. माझी कावीळ आरामाने उतरली. बाबा म्हणतात, झाड घरात आलं ना, झालं मग.

किडनीची तपासणी मात्र दर काही महिन्यांनी चालू राहिली आणि प्रत्येक वेळी घरात दोन दिवस कुणाला जेवण गोड लागत नसे. वर्षभराने एका सकाळी मी साकोलीहून रिपोर्ट घेऊन निघाले. डॉक्टर म्हणाले होते, आता काळजीचं कारण नाही. मी कागदाची घडी मुठीत धरली आणि बसमध्ये बसले. कंडक्टरला नोट दिली आणि बोटाने गाव दाखवलं. का, ते मलाही सांगता येणार नाही.

बोडीवर शेजारी होताच. "ताई, काय निघालं जी मामाजीचं?"

मी गप्प.

"ताई?" त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मुठीकडे पाहिलं आणि जाळं खाली ठेवलं. मी पळत सुटले.

बाबा अंगणात बसले होते. मी धापा टाकत कागद त्यांच्या हातात ठेवला आणि त्यांची बोटं त्यावर मिटवली. त्यांनी तो उघडून पाहिलाच नाही.

"बोल आता," ते म्हणाले.