पुट्टीच्या छातीतली आग

माझ्या घरासमोरच्या गॅरेजात तिला सगळे पुट्टी म्हणत. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर पुट्टी भरायची आणि घासून गुळगुळीत करायची, हे तिचं काम. पत्रा ठोकणारे दोघे, तिचा नवरा आणि तिचाच थोरला भाऊ. लग्नाच्या पहिल्या वर्षी नवऱ्याने तिला दोनदा मारलं होतं. तेव्हाच भावाने बजावलं होतं, "दाजी, पुन्हा हात उचललात, तर तो हात तुमचा राहणार नाही."

आता पोटुशी होती, तरी सातव्या महिन्यातही ती घासतच होती. पुट्टी वाळून दगडासारखी झाली की घासवत नाही, म्हणून जेवण कसंबसं कोंबायचं आणि लगेच गाडीच्या दाराशी उकिडवं बसायचं, पोट मांड्यांत दाबून. त्या दुपारी ती छाती धरून कळवळली. डोळ्यांत पाणी, ओठ घट्ट मिटलेले. नवरा वाकून "काय झालं गं?" विचारतोय, तेवढ्यात भाऊ आत आला.

"मारलं ना यानं?"

तोंडात आंबट पाणी भरलेलं, ती बोलणार कशी?

"दादा, आईशप्पथ, मी बोटसुद्धा..."

"शपथा कुणाला सांगता, दाजी!"

हातोडा आधी मनगटावर बसला, मग कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज मला खिडकीत ऐकू आला. धावत गेले तोवर नवरा पत्र्यांत पडलेला, तोंड रक्ताने भरलेलं, आणि भाऊ लाथा घालतोय. मारकुट्या नवऱ्याची मला कधी कीव येत नाही; त्या दिवशी आली. पुट्टी धडपडत उभी राहिली, दणदणीत ढेकर दिली आणि हातातली पुट्टी भरायची लोखंडी पट्टी तिने भावाच्या दंडात खुपसली.

"सोड त्यांना! मारलं नाही त्यांनी! घशापर्यंत जळतंय नुसतं!"

मी तिघांनाही दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी तिला तपासलं, रक्तदाब बघितला. "जेवल्यावर जळजळ, आंबट ढेकर, वाकलं की वाढतं, उभं राहिलं की उतरतं. अपचन आहे हे. थोडं थोडं खा, जेवून लगेच वाकू नकोस, आडवी होऊ नकोस. पण उजव्या बरगडीखाली दुखलं, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, चेहरा सुजला, तर अपचन म्हणून घरी बसायचं नाही. तडक इथे यायचं."

मग नवऱ्याकडे वळल्या. "आणि हा हात कशानं मोडला?"

"बॉनेट पडलं," तो पुटपुटला.

"खोटं," पुट्टी म्हणाली. "माझ्या भावानं हातोड्यानं मोडला. आणि यांनी मला पूर्वी मारलंय, म्हणून यांचं कुणी ऐकलं नाही. पोलिसांना दोन्ही सांगेन."

भाऊ रक्ताळलेला दंड धरून उभा होता. "अगं, तुझ्यासाठीच केलं ना! विचारलं नव्हतं का तुला?"

"विचारलंस ना? मग उत्तर येईपर्यंत थांबायचंस."