गोठ्यातला कॅमेरा

स्वप्नाली राजारामपुरीतल्या एका लहानशा स्टुडिओत एडिटिंग करायची. इतकी वर्षं लग्नाचे व्हिडिओ, दुकानांच्या जाहिराती. यंदा पहिल्यांदाच अख्खा थरारपट हातात आला होता. त्यातला एकच प्रसंग काही केल्या जमत नव्हता. बाई कामावरून घरी येते, दार उघडते आणि आत लपलेला चोर अंगावर धावतो. जोडून दाखवला की बघणारे दचकायचे आणि लगेच हसायचे.

"म्युझिक वाढव की," दिग्दर्शक यशराज म्हणाला. तिनं वाढवलं. लोक आणखी मोठ्यानं हसले.

त्याच आठवड्यात एका दुपारी चहा पिताना तिनं मोबाइलवर मुरगूडजवळच्या आपल्या घरचे कॅमेरे उघडले. म्हशी चोरीला जाऊ लागल्यावर वडिलांनी ते बसवले होते, एक गोठ्यात, एक अंगणात. वडील म्हशी घेऊन ओढ्यावर गेले होते. गोठ्यात एकटं रेडकू दाव्याला हिसके देत होतं. असं का करतंय, म्हणून तिनं चित्र मोठं केलं. वैरणीच्या ढिगाआड बिबट्या दबून बसला होता.

आणि अंगणात तिची आई, चिमणाबाई, पेंडीची बादली घेऊन घराबाहेर पडत होती.

स्वप्नालीनं फोन लावला. आईच्या हातात फोन नव्हता. तो आत वाजत राहिला. मग शेजारच्या वस्तीवरच्या हंबीररावांना लावला.

"काका, गोठ्यात बिबट्या हाय! आई तिकडंच निघालीया!"

"आलोच!" एवढंच ऐकू आलं.

आता बघत बसण्याखेरीज काही उरलं नाही. कॅमेऱ्याला आवाज नव्हता, तरी ती ओरडत होती. आई चार पावलं गेली. थांबली. बादली खाली ठेवून तिनं दोरीवरची चादर ओढली, झटकली, सावकाश घडी घातली. मग एक टॉवेल. 'अजून काढ आई, सगळी कापडं काढ,' स्वप्नाली पुटपुटत होती. दोरी रिकामी झाली. आईनं कपडे ओट्यावर ठेवले, बादली उचलली आणि गोठ्याच्या कडीला हात घातला.

तेवढ्यात हंबीररावांची मोटारसायकल अंगणात घुसली. आई वैतागून मागं वळली. स्वप्नालीला ऐकू न आलेल्या हॉर्ननं बिचकून बिबट्या मागच्या भिंतीवरून उसात पसार झाला.

स्वप्नालीनं पुन्हा घरी फोन लावला आणि आपण सगळं बघत होतो, ते आईला सांगितलं.

दोन दिवसांनी तिनं तो प्रसंग नव्यानं जोडला. बाई यायच्या आधीच लपलेला चोर दाखवला. संगीत काढून टाकलं. बाई दाराशी येते, पर्समध्ये किल्ली शोधते, शेजारणीशी दोन शब्द बोलते. असले शॉट आधी निरुपयोगी म्हणून बाजूला पडले होते. आईचा जीव टांगणीला लागलेल्या घटकेतून आपण हे उचलतोय, याची तिला लाजही वाटली. तरी तिनं ते तसंच ठेवलं.

सिनेमा दाखवला त्या दिवशी आई शेजारच्या खुर्चीत होती. या वेळी कुणी हसलं नाही. पडद्यावरच्या बाईनं किल्ली फिरवली आणि चिमणाबाई ओरडली, "अगं, जाऊ नगंस की आत!"

मग अंधारात लेकीचा हात चाचपत हळूच म्हणाली, "त्या दिवशी तुला असंच झालतं व्हय गं?"

स्वप्नालीनं तो हात घट्ट धरला. मग होकारार्थी मान हलवली.