गोड लागलेली कॅप्सूल

मंगलचा फोन आला तेव्हा मी बसस्थानकात माईकसमोर बसलो होतो. दुपारचे पावणेतीन वाजले असतील. कन्नडची गाडी फलाटावर लागली होती आणि मी ते सांगायला सुरुवात केली होती. मंगल, माझी बायको, एवढंच म्हणाली, "अहो, अक्का गेल्या. मी तोंड पुसायला गेले, तर..." पुढं तिला बोलवेना. मी फोन कानाशी धरूनच माईकमध्ये उरलेलं वाक्य पूर्ण केलं, प्रवाशांना गाडीचा क्रमांक सांगितला, आणि मग उठलो. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून इतकी वर्षं काढली, माझा आवाज कधी अडखळला नाही. त्या दिवशीही अडखळला नाही. आज सात आठवडे झाले, तरी मला त्याची लाज वाटते.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण कौसल्या. छावणीतल्या मुलींच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवणाऱ्या कौसल्या मॅडम. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आम्ही मूळचे कन्नडकडचे, मेंढरं राखणारे. आबांच्या कळपात दर वर्षी पावसाळा सरला की मेंढरं पटापट मरायची. जबड्याखाली पाण्याची पिशवी धरायची, खंगायची आणि एक दिवस बसल्या जागी मान टाकायची. कुणाची नजर, कुणाचा कोप, असं काहीबाही घरात चालायचं. अक्का बारा-तेरा वर्षांची असताना तिनं एका मेलेल्या मेंढीचं पोट फाडायला लावलं. आबा चिडले होते. "येड लागलंय का पोरीला?" म्हणाले, पण सुरी त्यांनीच चालवली. काळिजातून चिंचेच्या पाल्यापेक्षा मोठे, पानासारखे चपटे किडे निघाले. जिवंत. मी चार वर्षांचा होतो, मला फक्त वास आठवतो. अक्काला मात्र ते किडे आयुष्यभर पुरले. पुढं शहरात वसतिगृहात राहून बी.एस्सी. करताना तिला कळलं की हे किडे तळ्याकाठच्या गोगलगायींतून गवतावर येतात. त्या दिवाळीला घरी आली ती आबांना सांगतच, "आबा, तळ्याच्या कडंला मेंढरं चारायची नाय. ओलीत तर बिलकुल नाय." आबांनी दोन दिवस वाद घातला, मग ऐकलं. पुढच्या वर्षी चारच मेंढरं मेली. आमच्या घरात शिक्षणाचा फायदा डोळ्यांनी दिसला तो तेवढाच, पण तो असा दिसला की अक्काचा त्यावर कायमचा विश्वास बसला. माणसानं नीट बघितलं, तर कारण सापडतं. कारण सापडलं, तर उपाय सापडतो.

तिचं लग्न झालं, दोन वर्षांत मोडलं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, म्हणून मीही लिहीत नाही. ती पडेगावात आमच्याजवळच राहायला आली. सकाळी कडक इस्त्रीची सुती साडी नेसून पायी शाळेत जायची. मुलींना ती मारायची नाही, पण "बाळ, हे तू पाहिलंस की ऐकलंस?" असं विचारायची, आणि त्या प्रश्नाला मुली छडीपेक्षा जास्त घाबरायच्या. घरी मलाही तोच प्रश्न. ऑफिसातली कुणाची गोष्ट सांगायला लागलो की चष्म्यावरून बघायची. "दत्ता, पाहिलंस का ऐकलंस?"

दोन वर्षांपूर्वी तिचा 'र' गेला. आधी 'र', मग 'ळ'. वर्गात मुलींना वाटलं, मॅडमनी कवळी बसवली. एक-दोघी हसल्या. घरी चहा पिताना ठसका लागायला लागला. आम्ही म्हटलं, वय झालं, सावकाश पी. जिभेवर काहीतरी आतल्या आत वळवळल्यासारखं दिसायचं, ते तिनंच आरशात पाहिलं आणि मला बोलावून दाखवलं. मग तपासण्या झाल्या. मेंदूचा फोटो झाला, दंडात आणि जिभेत सुया टोचून झाल्या. शेवटी शहरातल्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी आम्हां दोघांना समोर बसवलं. मोटर न्यूरॉनचा आजार. स्नायू हलवणाऱ्या नसा एकेक करून मरतात. बोलणं जातं, गिळणं जातं, हातपाय जातात, सगळ्यात शेवटी श्वास. बुद्धीला काही होत नाही. डॉक्टर सांगत होते तेव्हा मी टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत होतो. अक्का डॉक्टरांकडं बघत होती. जड जिभेनं तिनं विचारलं, "कायण काय?" म्हणजे, कारण काय.

"बहुतेकांच्यात सापडत नाही, मॅडम."

"आणि उपाय?"

डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी उगीच मान डोलावली नाही. "वेग थोडा कमी करणारी गोळी आहे. थांबवणारं काही नाही," म्हणाले. मग म्हणाले, "पुण्यात एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे. तुम्ही तिच्या निकषांत बसत असाल तर..."

पुण्याच्या त्या मोठ्या रुग्णालयात अक्कानं संमतीपत्र वाचायला पावणेदोन तास घेतले. वीस-बावीस पानं होती, मराठीत. तिनं पर्समधून लाल पेन काढून ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त केल्या आणि ते पाहून तिथली समन्वयक मुलगी ओशाळून हसली. निम्म्या रुग्णांना औषध मिळणार होतं, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची कॅप्सूल. कुणाला काय हे रुग्णाला कळणार नव्हतं, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हतं. मी बाहेर व्हरांड्यात तिला म्हटलं, "अक्का, हे लोक तुला नुसतं पीठ देतील आणि वर्षभर मजा बघतील." तेव्हा तिला थोडंफार बोलता येत होतं. तोंडातल्या लाळेला आवरत, एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "मी मुलींना हेच शिकवते, दत्ता. कोंब आलेल्या मटकीची एक वाटी उजेडात, एक अंधारात. अंधारातली वाटी नसली तर उजेडाचं काय कळणार?"

"पण तू वाटी हाय का?"

ती हसली. सही केली.

मग दर महिन्याला पुणं. मी रजा टाकायचो, भाड्याची गाडी करायचो, पहाटे निघायचो. नळीत फुंकर मारायची, मुठीनं यंत्र दाबायचं, एक परिच्छेद वाचून दाखवायचा. परिच्छेद वाचायला आधी एक मिनिट लागायचं, मग दोन, मग अक्का ओठ हलवायची आणि नुसता वारा यायचा. नंतर तिनं पांढरी पाटी आणि निळा मार्कर घेतला. घरी सकाळ-संध्याकाळ एकेक कॅप्सूल. गिळणं जमेना तेव्हा पोटात नळी बसवली, आणि मंगल कॅप्सूल उघडून पाण्यात कालवून नळीतून सोडू लागली. तिथंच माझी बुद्धी फिरली.

एका रविवारी दुपारी मंगल अक्काला अंघोळ घालत होती. मी एक कॅप्सूल उघडली आणि पूड जिभेवर ठेवली. गोड. किंचित, दुधाच्या पावडरीसारखी गोड. माझ्या मते औषध कडूच असतं. आठ दिवस मी कुणाला काही बोललो नाही. फक्त मंगलला ती पूड कालवताना बघायचो आणि माझं पित्त खवळायचं. पुढच्या खेपेला पुण्याला जाताना नगरच्या अलीकडं, गाडी चहाला थांबली तेव्हा, माझ्याच्यानं राहवलं नाही. ड्रायव्हर खाली उतरला होता. मी म्हटलं, "अक्का, तुला फसवतायत. मी चाखून बघितली. पिठीसाखर हाय ती. तू अंधारातली वाटी हायेस."

तिनं पाटी मांडीवर घेतली. हात तोवर निकामी होत चालला होता, अक्षरं लहान मुलासारखी वाकडी यायची. 'तुझ्या जिभेला औषध कळतं?' तिनं ते पुसलं आणि परत लिहिलं, 'एक मात्रा कमी झाली. त्यांना सांगावं लागेल.' आणि खरंच तिनं सांगितलं. समन्वयक मुलीसमोर पाटी धरली, 'माझ्या भावानं एक कॅप्सूल चाखली.' चाळिशी उलटलेला माणूस मी, शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून उभा राहिलो. मुलगी समजूतदार होती. "काका, असं बरेच जण करतात," म्हणाली आणि नोंद घेतली. परतीच्या प्रवासात मी पुढच्या सीटवर बसलो.

त्यानंतर मी पुण्याला गेलो नाही. मंगल जायची. मी खुलताबादच्या बाजूला राहणाऱ्या एका जडीबुटीवाल्याचं नाव काढलं, त्याच्याकडून काढ्याची बाटली आणली. अक्कानं मान हलवली. चाचणी चालू असताना दुसरं काही घ्यायचं नाही, असं त्या संमतीपत्रात होतं, आणि तिनं सही केली होती. मी बाटली तिच्या पायाशी आपटली. म्हणालो, "मर मग साखर खाऊन." हे वाक्य मी बोललो आहे. हा लेख लिहायला बसलो तेव्हा ते गाळावं असं फार वाटलं... पण तिनं विचारलं असतं, पाहिलंस का ऐकलंस. मी पाहिलंही होतं आणि बोललोही होतो.

चार महिने आमचा अबोला होता. अबोला तरी कसला! तिला बोलता येत नव्हतं आणि मी बोलत नव्हतो. ड्यूटीवरून यायचो, जेवायचो, तिच्या खोलीच्या दारातून मंगललाच विचारायचो, "बरं हाय का?" रागाच्या आड मला बरं वाटत होतं. राग असला की बघावं लागत नाही.

मग एका सकाळी पुण्याहून फोन आला. मंगलनं स्पीकर लावून अक्काच्या कानाशी धरला, मी दाराशी उभा होतो. डॉक्टर स्वतः बोलत होते. मध्यावर आकडे तपासले, औषधाचा काही फायदा दिसत नाही, म्हणून चाचणी थांबवत आहोत. उरलेल्या कॅप्सूल परत पाठवा. तुम्ही दिलेल्या वेळेबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. तिला तेव्हा उजव्या हाताचं एकच बोट हलवता यायचं. मंगलनं अक्षरांचा तक्ता धरला. बोट सरकत गेलं... 'क', 'ळ', 'लं'. कळलं. एवढंच. मग तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती रडायला लागली. आवाज नाही, नुसतं अंग हलत होतं, थांबतच नव्हतं. या आजारात माणूस उगीचच रडतो, कधी उगीच हसतो, मनाचा त्याच्याशी संबंध असतोच असं नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलेलं. ते रडणं आजाराचं होतं का तिचं, मला आजही ठाऊक नाही. मी आत जाऊन विचारू शकलो असतो. तक्ता होता, बोट होतं. मी ड्यूटीला निघून गेलो.

घशाला भोक पाडून यंत्रावर राहायला तिनं आधीच नकार लिहून दिला होता. त्यामुळं पुढचं सगळं सरळ होतं. नाकावर मास्क, दिवसातून आधी दोन तास, मग दहा, मग सतत. शेवटच्या आठवड्यात मी तिच्याजवळ बसायला लागलो, पण तोवर बोटही गेलं होतं. मी बोलायचो. माफ कर म्हणालो, दोन-तीनदा म्हणालो. ती डोळ्यांची उघडझाप करायची. डोळ्यांची उघडझाप तर ती एरवीही करायचीच.

मागच्या आठवड्यात त्या डॉक्टरांचा पुन्हा फोन आला. चाचणीची कुलपं आता उघडली आहेत, मॅडमना काय मिळत होतं हे कुटुंबाला जाणून घ्यायचं असेल तर सांगता येईल, म्हणाले. मी हो म्हटलं.

"कौसल्या मॅडमना खरं औषध मिळत होतं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "पण सर, ती गोड होती. मी स्वतः..."

"दोन्ही कॅप्सूल गोडच होत्या, दत्तात्रयराव. भरणीची पूड एकच. त्यात औषध चिमटीएवढं. चवीवरून ओळखू येऊ नये, म्हणूनच तसं करतात."

मी विचारलं, मग औषध चाललं का नाही. ते म्हणाले, कुणालाच चाललं नाही. आता दुसऱ्या एका रेणूवर काम सुरू आहे, पण त्याला वर्षं लागतील. मी आभार मानून फोन ठेवला. अक्का असती तर तिनं त्यातून काहीतरी काढलं असतं. एक रस्ता बंद आहे हे कळणं म्हणजेही कळणंच, असं काहीतरी. मला तसं काही वाटत नाही. तिला खरं औषध मिळालं आणि ती मेली. साखर मिळाली असती तरी मेली असती. तिनं इतकं नीट बघितलं, आणि कारण सापडलं नाही. माझ्या हातात होते ते फक्त चार महिने.

काल मंगल म्हणाली, अक्कांची खोली रंगवून घेऊ या, रंगारी सोमवारी मोकळा आहे. मी बघायला आत गेलो. शेवटचं वर्षभर अक्काला आडवं झोपता येत नव्हतं, आडवं झालं की श्वास कोंडायचा. पलंगावर भिंतीला टेकूनच ती दिवसरात्र असायची, आणि मंगल रोज तिच्या डोक्याला खोबरेल तेल लावायची. भिंतीवर त्या तेलाचा डाग आहे. मला वाटलं होतं, एक गोल डाग असेल. तो गोल नाही. वर सुरू होतो आणि पट्ट्यासारखा खाली उतरत जातो. मी पलंगावर तिच्या जागी टेकून बसलो. डागाचं वरचं टोक माझ्या कानाशी येतं, खालचं खांद्याच्याही खाली. मान तिथवर कलली होती. एकानं उशी सरकवून, दुसऱ्यानं दोन हातांनी ती वर घ्यायला हवी होती. मंगल एकटी होती. मी रोज संध्याकाळी त्या दारात उभा राहायचो, पाच-सहा पावलांवर.

रंगाऱ्याला अजून फोन केलेला नाही.