भरतीचं पान

एका बाईंनी स्वतः लिहिलेला धडा मी त्यांनाच, बोट नाचवत, अख्खी मधली सुट्टी समजावून सांगितला होता. तो कसा वाचायचा, लेखकाला त्यात काय म्हणायचंय, आणि असं काही लिहिणं त्यांच्यासारख्यांना का जमणार नाही, हे सगळं. त्या समोर बसून भाजी-चपाती खात होत्या. शेवटी डबा बंद करत एवढंच म्हणाल्या, "झालं? घंटा होईल आता." मी तेव्हा पन्नाशी ओलांडलेली, म्हणजे अक्कल यायची ती येऊन गेलेली. माझी नात आता विचारते, "आजी, तुला खरंच कळलं नाही?" नाही गं बाई, नाही कळलं. मी तेव्हा फार हुशार होते ना!

त्या बाई म्हणजे तावडेबाई. मुलुंड पूर्वेच्या आमच्या मराठी शाळेत त्या पाचवी ते सातवीला मराठी शिकवायच्या. मी त्याच वर्गांना परिसर अभ्यास आणि इतिहास. तावडेबाईंचे वडील गिरणीत, गाव मालवणकडचं, बालपण घाटकोपरच्या भटवाडीत. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे सगळा राग शाळेसाठी शिल्लक. तावडेबाई आता नाहीत, पण म्हणून मी त्यांना साखर लावून सांगणार नाही. मला त्या आवडत नव्हत्या. त्यांना मी तर अजिबातच नाही.

शिक्षकखोलीत शिरल्या की त्या आधी पंखा बंद करत, मग आमच्या गप्पा. कुणाच्या वाढदिवसाचा केक आला की म्हणत, "खा खा, पोरं वाट बघतायत वर्गात, त्यांचं काय एवढं." रागावल्या की मालवणी सुटायची, पण ती फक्त आपल्या माणसांसाठी. शिपाईमावशी, लाडके विद्यार्थी, भाचा. मला मात्र कायम प्रमाण मराठीत झापायच्या, 'तुम्ही' म्हणून, सरकारी पत्र वाचावं तसं.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. मी कृतीवाली. माझ्या वर्गात थर्माकोल, रंगीत कागद, टाळ्यांची गाणी. नदी शिकवायची तर निळी ओढणी घेऊन नाचायचं. पोरं खूश, पालक खूश, फोटो झकास. तावडेबाई पोरांना नुसतं सांगत बसायच्या. कुणी शिक्षक गैरहजर असला की तो ऑफ तास आम्ही सगळ्या टाळायचो. या मागून घ्यायच्या. त्या तासाला त्या मोठ्याने वाचायच्या. शरीरातलं रक्त कुठून कुठे फिरतं, जुन्या बंदरांत कुठली जहाजं यायची, चंद्र रोज उशिरा का उगवतो. लांबच लांब. वर्ग चिडीचूप. ती शांतता म्हणजे भीती, अशी माझी पक्की खात्री. त्यांच्या वर्गावरून जाताना मी चालायचा वेग वाढवायची, म्हणून कधी एक वाक्यसुद्धा कानावर पडलं नाही.

"पोरांना एवढं झेपत नाही हो, तावडेबाई," मी म्हणायची.

"पोरांना कमी समजायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, कर्णिकबाई? पूर्ण सांगा, नाहीतर गप्प बसा."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुख्याध्यापकांनाही ऐकवायच्या, पालकसभेतही. 'पूर्ण सांगा, नाहीतर गप्प बसा.' आम्ही पाठीमागे नकला करायचो. माझी नक्कल सर्वांत चांगली व्हायची.

अशात शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक लिंक आली. साधीसुधी वेबसाइट, पांढरं पान, ना फोटो ना नाव. पाचवी ते सातवीसाठी मराठीत पाठ, एकामागून एक रचलेले, सगळे फुकट. हवा तो उतरवून घ्या आणि वर्गात वाचा. प्रत्येक पाठाखाली एकच सूचना: 'कापू नका.' मी पहिला पाठ वाचला आणि पार विरघळले. काय भाषा, काय माहिती! पाचवीतलं सातवीत उपयोगी पडावं अशी सगळी बांधणी. हे कुणीतरी निवृत्त प्राध्यापक असणार, हे मी ठरवूनच टाकलं. बारीक दाढी, खादीचा झब्बा, बोलणं हळू आवाजात. आमचे हे म्हणालेसुद्धा, "हल्ली तुझं वाचन वाढलंय."

वेबसाइटवर ईमेलचा पत्ता होता. मी प्राध्यापकसाहेबांना कौतुकाची पत्रं लिहायला लागले. उत्तर दर वेळी तेच: 'धन्यवाद. कापू नका.' मला तो संयम वाटायचा. मग धीर करून मी मन मोकळं केलं. आमच्या शाळेत एक तावडे नावाच्या बाई आहेत, रूक्ष, तुसड्या, मुलांना नुसत्या वाचून दाखवतात, तुमचे पाठ त्यांनी एकदा डोळ्यांखालून घालायला हवेत. असं पानभर. उत्तर आलं: 'त्या बाईंचं राहू द्या. मिठाच्या पाठातलं भरतीचं पान घेतलंत का?'

नव्हतंच घेतलं मी! मी ते कापलं होतं.

झालं होतं असं, की केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या, सगळ्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा एका शाळेत जमतात आणि कुणीतरी आदर्श पाठ घेतं. वर्ग पुढे, बाकीचे शिक्षक मागच्या बाकांवर, केंद्रप्रमुख खुर्चीत. त्या महिन्यात पाळी आमच्या शाळेची होती आणि पाठ मी मागून घेतला होता. पाचवी, विषय मीठ. आमच्या गच्चीवरून हायवेपलीकडची मिठागरं दिसतात, तेव्हा विषय घरचाच. प्राध्यापकसाहेबांचा पाठ मी उतरवला, त्यातलं भरती, ओहोटी, चंद्र, उधाण असं सगळं जड पान काढून टाकलं आणि त्या जागी 'मीठ मीठ पांढरं मीठ' असं स्वतः रचलेलं गाणं घातलं. अभिनयासकट. हाच सुधारलेला पाठ मी त्या मधल्या सुट्टीत तावडेबाईंना समजावत होते. त्यांनी विचारलंही होतं, "पाणी आत कसं येतं, ते कुठाय?" मी म्हणाले, "मूळ लेखकालाही माझा बदल आवडेल."

आदर्श पाठाच्या दिवशी मी मोरपंखी पैठणी नेसले. मिठासाठी पैठणी! पण गाणं रंगलं. केंद्रप्रमुखांनी टाळ्यांचा ताल धरला. मी मिठागराचं चित्र दाखवून म्हणाले, "इथे बांध घातलेल्या या खाचरांत खाडीचं पाणी साठवतात, उन्हाने ते आटतं, खाली मीठ उरतं." तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची तन्वी उभी राहिली.

"बाई, खाडी खाली आहे आणि खाचरं वर. मग पाणी आत कसं येतं?"

मी हसले. घाम फुटला की मी हसते. म्हणाले, "पंपाने."

"आणि पूर्वी, पंप नव्हते तेव्हा?"

"बादल्यांनी," मी म्हणाले.

मागच्या बाकांवर कुणीतरी खोकलं. त्या खोकल्यात हसू होतं. मग बाक सरकल्याचा आवाज झाला आणि तावडेबाई पुढे चालत आल्या. माझ्या हातातला खडू मागितला नाही, काढून घेतला.

"बस, तन्वी. पंप नाही नि बादली नाही. पाणी चंद्र पाठवतो. अमावास्या-पुनवेला समुद्र फुगतो, त्याला उधाण म्हणतात. खाडी मग नेहमीपेक्षा वर चढते, आपल्या पायांनी खाचरांच्या दारात येते. माणसाने फक्त दार उघडायचं आणि ओहोटी लागायच्या आत ते बंद करायचं."

हातात कागद नव्हता. पण शब्द न् शब्द मला ओळखीचा होता. 'आपल्या पायांनी खाचरांच्या दारात येते' हे वाक्य मी स्वतः कात्रीने कापलं होतं. त्या बोलत राहिल्या, फळ्यावर बांध काढला, चंद्र काढला, आणि वर्गात तीच शांतता पसरली. या वेळी मला वेग वाढवून पुढे जायची सोय नव्हती. पोरांचे चेहरे बघावेच लागले. भ्यायलेलं कुणीच नव्हतं. माझी बारीक दाढीवाली मूर्ती मात्र पैठणीच्या पदराआड हळूहळू विरघळत होती.

नंतर शिक्षकखोलीत त्यांनी पंखा बंद केला आणि म्हणाल्या, "तुमची पत्रं छान असतात. माझ्याबद्दलचा परिच्छेद जरा लांबला."

"नाव का नाही घातलंत?" मी चिडून विचारलं. त्या वेळी चिडण्याशिवाय हातात होतं काय?

"नाव घातलं असतं तर तुम्ही उघडलं असतं का?"

"आणि फुकट का?"

"पैसे घेतले की लोक तक्रार करतात. फुकट दिलं की कापतात. कापणाऱ्याला निदान शिव्या देता येतात."

यानंतर आमची मैत्री झाली असं वाटत असेल तर तसं काही झालं नाही. उलट वाट लागली. त्या मला येता-जाता 'बादलीवाल्या बाई' म्हणायच्या. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्याच वर्षअखेरीस त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, कुणीही खरं बोललं नाही. मी समोसे वाटत होते, तेवढ्यात त्या नारळ काखेत मारून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"कर्णिकबाई, या पाचवीला मीठ पूर्ण मिळालंय. दोन वर्षांनी हीच पोरं सातवीत तुमच्याकडे इतिहासाला येतील. मिठाचा पाठ मी मिठासाठी लिहिला नव्हता, दांडीसाठी लिहिला होता. मीठ कसं होतं ते माहीत नसेल तर मूठभर मिठासाठी माणसं एवढी का चालली, ते पोरांना कधीच कळणार नाही. नुसती तारीख पाठ करतील. सांगायला मी नसणार. तुम्ही आहात, हे माझं दुर्दैव."

"समोसा?" मी म्हणाले.

"नको," त्या म्हणाल्या आणि गेल्या. भावाकडे, चेंबूरला.

ती दोन वर्षं मला त्या 'दुर्दैव'ने छळलं. तन्वीची बॅच सातवीत आली. दांडीचा पाठ वेबसाइटवर होताच, लांबलचक, एकही चित्र नाही. आदल्या संध्याकाळी मी पाठावर कात्री ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. मग ईमेल लिहिलं: 'उद्या तिसऱ्या तासाला सातवीत दांडी. कापणार नाही.' उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी साधी सुती साडी नेसून गेले. गाणं नाही, ओढणी नाही. पहिली दहा मिनिटं पोरं चुळबुळली. आत्ता एक टाळी वाजवली असती तर सगळे माझे झाले असते. मी वाजवली नाही. वाचत राहिले. सरकारशिवाय कुणी मीठ बनवायचं नाही, विकत घ्यायचं तर कर भरायचा, इथपर्यंत आले आणि तन्वी उभी राहिली. उंच झाली होती, आवाज तोच.

"बाई, थांबा. पाणी तर भरतीने आपोआप येतं. ऊनही फुकट. मग सरकारने त्यात केलं काय? कर कसला?"

"चोरीच ना ही!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि वर्ग पेटला. मला कुणालाच काही समजावावं लागलं नाही. ती पोरं मिठासाठी चिडली होती. खरोखरची, लालबुंद. मी शिकवलेल्या एवढ्या वर्षांत इतिहासावर कुणी चिडलं नव्हतं. हसायचे, टाळ्या वाजवायचे. चिडलं कुणीच नव्हतं.

घंटा झाली. बाहेर आले तर व्हरांड्यात खांबाला टेकून तावडेबाई उभ्या. वाळलेल्या होत्या, गळ्याची हाडं वर आलेली. हातात पेन्शनची फाइल, म्हणजे आल्या होत्या त्या कामासाठी, असं दाखवायला. मी पदर सावरला आणि वाट बघत राहिले. दोन वर्षांची वाट होती ती. त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि म्हणाल्या,

"कापलंस नाय, बरा केलंस. पण आवाज कसलो गो लाडीक तुझो! फुडल्या वर्साक जरा रागान सांग."